काचेतले ऊन

राधानगरीत ऊन ही रेशनवर मिळणारी वस्तू आहे. जूनच्या मध्यावर दाजीपूरच्या डोंगरावर ढग एकदा टेकले, की घटस्थापनेपर्यंत ते आपला मुक्काम हलवीत नाहीत. धरण भरून त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले, म्हणजे वर्तमानपत्रांना आमच्या गावाची आठवण होते आणि कोल्हापूरची माणसे मोटारी काढून पाऊस पाहावयास येतात. पाऊस पाहणे निराळे आणि पावसात राहणे निराळे. आमच्याकडे मीठ बरणीतल्या बरणीत पाणी होऊन बसते, मुलांची दप्तरे शेगडीवर शेकावी लागतात, आणि माझ्या कपाटातल्या कादंबऱ्यांच्या बाबतीत समीक्षकांनी अर्धवट सोडलेले काम आर्द्रा-पुनर्वसू पुरे करतात. मग श्रावणात एखाद्या दुपारी ढगाला भोक पडते. त्या तासाभरात सारा गाव बाहेर येतो. गोधड्या, डाळीचे डबे, ओल्या वहाणा आणि तान्ही मुले, सारी एका ओळीत उन्हाला लागतात.

अशा गावात काचेला केवढा मान असेल! पाऊस बाहेर ठेवावा आणि उजेड तेवढा आत घ्यावा, इतका सज्जनपणा दुसऱ्या कोणत्या वस्तूच्या अंगी आहे? माझे माहेर गारगोटीजवळचे. तिथल्या आमच्या जुन्या घराचे माजघर दिवसाढवळ्या काळोखे असे, आणि त्या काळोखाला उतारा म्हणून आढ्याजवळ एकच काचेचे कौल बसविलेले होते. सकाळी त्यातून एक तिरपा झोत खाली येई. त्यात धुळीचे कण नाचत. थंडीच्या दिवसांत आजी घरातले तान्हे मूल त्या कवडशात निजवी आणि कवडसा सरके तसतसे दुपटे सरकवीत नेई. बाळाला ऊन मिळते आहे, अशी तिची खात्री होती. आम्हां सर्वांचीच होती.

सासरचे घरही पूर्वी कौलारूच होते. दहा वर्षांपूर्वी ते उतरवून स्लॅबचे केले, आणि पुढच्या बाजूला गॅलरी काढली. उघड्या गॅलरीत पावसाळ्यात पाण्याची झड येते आणि उरलेल्या आठ महिन्यांत माकडे येतात. तेव्हा तिला सरकत्या काचा बसल्या. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांची बसण्याची जागा तिथेच ठरली. वय चौऱ्याहत्तर. गुडघे गेलेले. सकाळचा चहा झाला की उशाला घोंगडी घेऊन त्या काचेजवळ बसत, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याचा हिशेब ठेवीत आणि ऊन खात. 'ऊन खाणे' हा आपल्या भाषेतला मोठा समर्पक प्रयोग आहे. पुढे जे कळले त्यामुळे तो मला फारच खरा वाटू लागला.

दोन हिवाळ्यांमागे त्यांच्या कमरेत आणि मांड्यांत कळा सुरू झाल्या. जोत्याची पायरी चढताना त्या भिंत धरू लागल्या. वय झाले, असे शेजारपाजारचे म्हणाले. त्याही तेच म्हणाल्या. शेवटी कोल्हापूरला हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी रक्त तपासून घेतले आणि कागद हातात घेऊन विचारले,

"आजी, उन्हात बसता का?"

"बसते की. रोज दोन तास. आता दुसरं काम काय हाय मला?"

डॉक्टर पुन्हा कागदाकडे पाहू लागले. 'ड' जीवनसत्त्वाचा आकडा ११ होता. तो निदान २० तरी असावा अशी अपेक्षा असते.

"कुठं बसता?"

"ग्यालरीत. लई ग्वाड ऊन येतंय काचंतनं."

डॉक्टर हसले नाहीत. या वयात त्वचाच हे जीवनसत्त्व कमी करते, दोष एकट्या काचेचा नाही, असे त्यांनी आधी सांगितले. मग म्हणाले, की काचेतून ऊन येते खरे, पण त्यातले औषध बाहेरच राहते. आठवड्याला साठ हजार युनिटांची एक पुडी, अशा आठ पुड्या त्यांनी लिहून दिल्या.

परतीच्या एस.टी.त आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. भोगावती दिसू लागली तेव्हा एकदम म्हणाल्या, "दिसतंय, अंगाला लागतंय, मग न्हाई कसं?"

विज्ञानाशी माझा संबंध दहावीपुरताच. पण शिक्षिकेला कोणी 'मग नाही कसे?' असे विचारले, की तिला स्वस्थ बसवत नाही. मी पुस्तके काढली, आणि जे हाती आले ते आधी आत्याबाईंना सांगितले. आता तुम्हांला सांगते.

इंद्रधनुष्यात जांभळा रंग संपतो तिथे सूर्याचे किरण संपत नाहीत. त्यापलीकडचे किरण डोळ्यांना दिसत नाहीत एवढेच. १८०१ साली रिटर नावाच्या जर्मन संशोधकाने चांदीचा एक क्षार त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत ठेवला, तर तो जांभळ्या प्रकाशातल्यापेक्षाही लवकर काळवंडला. हेच ते जंबुपार किरण. मुलांच्या पुस्तकात त्यांना अतिनील म्हणतात. त्यांच्या लाटांची लांबी नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात, मोजावयाची. ४०० पासून ३१५ पर्यंतच्या लाटांचे 'ए' किरण, ३१५ पासून २८० पर्यंतचे 'बी', आणि त्याखालचे 'सी'. 'सी' किरण आकाशातला ओझोनचा थर वरच्या वर झेलतो. 'बी' मधले पुष्कळसे तोच झेलतो. थोडे खाली पोचतात. आणि गंमत अशी, की आपल्या हाडांची सारी मदार या थोड्यांवर आहे. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलचे एक भावंड असते. त्याच्यावर 'बी' किरण पडले की त्याचे 'ड' जीवनसत्त्व होऊ लागते. ते असेल तरच अन्नातला चुना हाडांपर्यंत पोचतो. 'ए' किरणांना हे काम जमत नाही. उजेडाला आणि उष्णतेला तर नाहीच नाही.

खिडकीची साधी काच नेमकी या वेशीवर उभी आहे. उजेड ती आत सोडते, ऊबही पुष्कळशी सोडते, 'ए' किरणांतले बरेचसे सोडते. आणि ३१५ च्या आसपास आल्यावर दार लावून घेते. आत्याबाईंच्या अंगाला लागत होती ती ऊब खरी होती. डोळ्यांना दिसत होता तो उजेड खरा होता. ज्याच्यासाठी बसावयाचे ते मात्र काचेच्या पलीकडच्या अंगाला जिरून जात होते.

काच असे का करते? काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुना यांचा वितळवून केलेला रस. महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या फंडाने १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना काढला, आणि कऱ्हाडजवळ ओगल्यांनी १९१६ साली काढलेल्या कारखान्यातल्या प्रभाकर कंदिलांनी कितीतरी घरांतला अभ्यास करवून घेतला. वाळूबरोबर थोडे लोखंड येतेच. खिडकीची काच समोरून पांढरी दिसते; तिची कापलेली कड पाहा, हिरवट दिसेल. तो त्या लोखंडाचा रंग. जंबुपार किरण गिळण्यात त्याचा मोठा हात असतो. लोखंड नको, सोडा नको, चुना नको, नुसती शुद्ध गारगोटी वितळवली, तर तिच्यातून मात्र हे किरण पार होतात. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रात जंबुपार दिवा असतो, त्याच्या भोवतीची नळी अशा गारगोटीची असते ती याचकरिता. साधी काच घातली तर दिवा जळत राहील आणि जंतू सुखरूप राहतील. माझे माहेर गारगोटीजवळचे, हे मी वर सांगितलेच आहे. माझ्या आजीचे ते कौल गारगोटीचे असते, तर! पण तसल्या कौलाची किंमत ऐकून आजोबांनी आख्खे छप्परच उतरवले असते.

गारगोटीवाचूनही असली काच करता येते का, हा प्रयत्न इंग्लंडात झाला. १९२० नंतरच्या दशकात तिथे 'व्हिटा ग्लास' नावाची काच निघाली. लोखंडाचा अंश अगदी कमी करून ती केलेली असे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ती बसविण्यात आली. पण ती महाग, आणि उन्हात राहून राहून तिचा गुण हळूहळू उतरत जाई. जे आत सोडावयाचे त्यानेच द्वारपालाला बिघडवावे, असा तो प्रकार. आज घराला काच बसविताना कोणी तिची आठवण काढीत नाही.

हे सारे मी वाचीत होते तेव्हा एक गाव अनपेक्षितपणे समोर आले. नाशिक. मुडदूस का होतो, यावर एका शतकापूर्वी जगात मोठा वाद चालू होता. कोणी म्हणत आहार वाईट म्हणून, कोणी म्हणत हवा कोंदट म्हणून. बर्लिनच्या हुल्डशिन्स्की या डॉक्टरने १९१९ साली मुडदूस झालेल्या मुलांवर गारगोटीच्या नळीतल्या पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश सोडून त्यांची हाडे भरून आणली होती. एकाच हातावर प्रकाश दिला तरी दुसऱ्या हाताचे हाडही सुधारले. आणि १९२२ साली हचिसन आणि शहा या दोघा डॉक्टरांचा एक निबंध इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांनी पाहिलेली माणसे नाशिककडची होती. त्यांना काय आढळले? शेतावर राबणाऱ्या गरिबांचे जेवण निकृष्ट. पण त्यांची मुले आईच्या मागे दिवसभर उघड्यावर, आणि त्यांच्यात मुडदूस जवळजवळ नाही. उलट जिथे दूधदुभते आहे, पण बायका पडद्यात आहेत आणि तान्ही मुले त्यांच्याबरोबर आतल्या खोलीत आहेत, तिथे मुडदूस. पुढे कॅथलीन व्हॉन या डॉक्टरीणबाईंनी काश्मिरातल्या पडदानशीन बायकांची कटीची हाडे मऊ होऊन बाळंतपणे कशी अडतात, यावर १९२८ साली पुस्तकच लिहिले.

'असूर्यंपश्या' हा शब्द आपण शाळेत व्युत्पत्तीसाठी शिकतो. सूर्यालाही जिचे दर्शन नाही ती राणी. शब्द मोठा रुबाबदार आहे. त्या राणीची हाडे कशी होती, हे मात्र व्याकरणात दिलेले नसते.

आमच्याकडे पडदा असा नव्हता. भात लावणाऱ्या बाईला कोण पडदा लावणार? आत्याबाई चौदाव्या वर्षी या घरात आल्या आणि जवळजवळ पन्नास वर्षे उन्हातच राहिल्या. पावसात इरले, उन्हात नुसता पदर. उन्हाचे त्यांना कधीच कौतुक नव्हते. त्यांच्या तोंडून उन्हाला मी शिव्याच ऐकल्या आहेत. मुलाला सावलीतली नोकरी मिळावी म्हणून त्यांनी नवस केला होता. तो फळला. मुलगा सावलीत गेला, सून सावलीतलीच मिळाली, आणि मग दोघांनी मिळून आईला सावली दिली. ऊन न लागणे ही आपल्याकडे सुखाची खूण आहे. नाशिकच्या त्या बंद खोल्यांनाही त्या काळी सुखच म्हणत असले पाहिजेत. आता गरिबांच्याही वाट्याला हे सुख येऊ लागले आहे. पुण्याच्या झोपडवस्तीतल्या लहान मुलांची एक पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. जी मुले पाळणाघराच्या अंगणात दिवसाचा बराच वेळ बाहेर असत, त्यांचे ठीक होते. जी खोलीतच वाढत होती, त्यांच्यात मुडदुसाची चिन्हे होती. गाव तेच, गल्ल्याही तशाच, आकाश एकच.

बरे, काचेने औषध अडविले तर अपायही अडविला असेल, असे कोणी म्हणेल. तो अर्धाच अडविला आहे. अंग भाजते ते मुख्यतः 'बी' किरणांनी. म्हणून काचेआड बसलेल्याची कातडी लाल होत नाही, चुरचुरत नाही, आणि उठून जाण्याची सूचना मिळत नाही. 'ए' किरण मात्र आत येत असतात, आणि ते कातडीत अधिक खोल जातात. कातडी सैल करणे, सुरकुत्या पाडणे, वांगाचे डाग गडद करणे, ही त्यांची सावकाशीची कामे. २०१२ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका एकोणसत्तर वर्षांच्या मालमोटार-चालकाचा फोटो छापून आला होता. अठ्ठावीस वर्षे त्याने गाडी चालविली. तिथे चालक डावीकडे बसतो. त्याचा उजवा गाल त्याच्या वयाचा होता. खिडकीकडचा डावा गाल बापाचा वाटावा असा सुरकुतलेला होता. आपल्याकडे हा हिशेब उजव्या गालाला लागू करावा. गाडीच्या पुढच्या काचेत दोन थरांमध्ये एक पातळ पडदा असतो, तो 'ए' किरण जवळजवळ सगळे अडवितो. बाजूच्या काचेचे तसे नसते.

हे ऐकून माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, "बाई, दिसत नाहीत तर आत आले हे कळलं कसं?" प्रश्न योग्य होता. बाजारात एका दुकानदाराकडे नोटा तपासण्याचा जांभळा दिवा आहे. त्याचे किरण 'ए' जातीचे. चार मुले घेऊन मी तिथे गेले. दिव्याखाली नोट धरली, तिच्यातले धागे चमकले. मग मध्ये फोटोच्या चौकटीची काच धरली. धागे किंचित मंद झाले, पण चमकतच राहिले. मग माझा चष्मा काढून मध्ये धरला. त्याची भिंगे प्लॅस्टिकची आहेत आणि त्यांच्यावर या किरणांना अडविणारा लेप आहे. चमक मावळली. दुकानदार इतका खूष झाला, की त्याने ओळीने तीन गिऱ्हाइकांचे चष्मे मागून घेतले आणि विक्री अर्धा तास बंद राहिली.

आणखी एका लाडक्या समजुतीला धक्का बसला, तोही सांगून टाकते. कोवळे ऊन. आपण सारे कोवळ्या उन्हाचे भक्त. पण सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा त्याचे किरण हवेतून आणि ओझोनमधून लांबचा तिरपा रस्ता कापून येतात, आणि वाटेत 'बी' किरण जवळजवळ संपतात. सकाळी सातचे ऊन अंगाला गोड लागते; हाडांना त्यातून फारसे काही मिळत नाही. खूण सोपी आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडू लागली, की ऊन कामाचे झाले. वर्षभर मी मुलांकडून शाळेच्या मैदानात काठी उभी करून सावल्या मोजून घेतल्या. डिसेंबरात आमच्याकडे अकराच्या सुमारास सावली काठीएवढी होते आणि दोनच्या आत पुन्हा लांबू लागते. एप्रिलात हेच साडेनऊलाच घडते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी काठीची सावली नाहीशीच होते, पण तेव्हा सुटी असते आणि शाळेत काठीशिवाय कोणी नसते. अर्थात दुपारच्या उन्हात तासन् तास भाजून घेण्यात शहाणपण नाही. थोडा वेळ पुरतो. सावळ्या कातडीला गोरीपेक्षा जास्त लागतो, म्हाताऱ्या कातडीला त्याहून जास्त.

पुड्यांनी आत्याबाईंच्या कळा ओसरल्या. पुढे टिकवावयाचे, तर डॉक्टरांनी सांगितले होते, "दुपारी थोडा वेळ, हातपाय उघडे ठेवून." हे सांगणे सोपे. दुपारचे ऊन आमच्या दारात पडते ते रस्त्याच्या कडेला, आणि मागे परड्यात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने भर दुपारी दारात हात दंडापर्यंत आणि पाय पोटरीपर्यंत उघडे टाकून नुसते बसावयाचे? आत्याबाई एकदा परड्यात जाऊन बसल्या. डोक्यावरून पदर, मनगटापर्यंत लपेटलेला, पायांवर घोंगडी. बाहेर बसूनही काचेआड बसल्यासारख्याच. मी पदराकडे बोट दाखविले, तर म्हणाल्या, "लोक काय म्हनत्याल? म्हातारीला याड लागलं?"

मला आठवत होते, याच आत्याबाई लावणीच्या दिवसांत काष्टा खोचून, गुडघाभर चिखलात, बाह्या वर सारून दिवसभर वाकलेल्या असत. बांधावरून सारा गाव जाई. तेव्हा कोणी काही म्हणत नसे, आणि त्यांनाही काही वाटत नसे. काम करणाऱ्या बाईचे पाय उघडे असले तर चालतात. बसलेल्या बाईचे चालत नाहीत.

मग मी गहू भिजत घातले. परड्यात बाज टाकली, तिच्यावर जुने धोतर पसरले आणि कुरडया घातल्या. आत्याबाईंना सांगितले, की मी शाळेत जाते, कावळे फार झाले आहेत, माकडांचाही नेम नाही, कोणीतरी राखण बसले पाहिजे. त्यांनी माझ्याकडे पाहिले. कळले असावे. पण काठी मागून घेतली. डबा विसरला म्हणून दुपारच्या सुटीत घरी आले, तो त्या बाजेच्या कडेला बसून ओल्या कुरडया पालथ्या करीत होत्या. पदर कमरेला खोचलेला, बाह्या वर, लुगडे पोटऱ्यांच्या वर, आणि तोंडाने उन्हाला शिव्या.

यंदा आमच्याकडे कुरडया, सांडगे आणि भरल्या मिरच्या इतक्या झाल्या आहेत की डबे पुरत नाहीत. शाळेतल्या सगळ्या बाईंना वाटून झाल्या. कोल्हापूरच्या डॉक्टरांकडेही एक डबा पोचता केला. परवा आत्याबाई विचारीत होत्या, आता पापडाचे उडीद कधी आणतेस.